पाच संच

दिवाळीपुऱ्यात कोर्टासमोर, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर
ऊर्वीबेन धोळकियांचं ऑफिस आहे.
जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याला वाट द्यायची
तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं.
मी दोघींना वाट दिली.
दोघींनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

पहिल्या भेटीचे पंधराशे. केसचे पस्तीस हजार,
तीन हप्त्यांत चालतील बेन, चिंता नको.
मी साडी घ्यायला आल्यासारखी विचारून बसले,
काही कमी?
त्या हसल्या. माझ्या आईलाही
मांडवीतल्या दुकानदारांनी असंच हसून नाही म्हटलंय.

लग्न कधी, कुठे, पत्रिका आहे का, फोटो आहेत का,
वेगळे कधीपासून राहता.
त्या गुजरातीत विचारतात, मी मराठीत सांगते,
कारकून टाइप करतो ती भाषा
आम्हा दोघींचीही नाही.

मुलाचं वय?
साडेसहा.
पेन थांबलं. पाचच्या आतला असता
तर सोपं होतं, म्हणाल्या.
म्हणजे ज्या संध्याकाळी मी दांडिया बाजारच्या घरात
खुर्चीवर चढून भिंतीवर पाचाचा आकडा चिकटवत होते
आणि केकवाला फोन उचलत नव्हता,
त्या संध्याकाळी काहीतरी हातातून गेलं,
आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

नीरदनो कबजो, त्या म्हणतात.
आमच्याकडे ताबा. दोन्ही शब्द
मी आजवर गाळ्यांबद्दलच ऐकले होते.
दादांनी वाघोडिया रोडचा गाळा सोडवला तेव्हा
कुलूप, किल्ली, पंचनामा, पेढे.
नीरदला कुलूप माहीत नाही.
तो बाथरूमचं दारसुद्धा उघडं टाकून
आत गाणी म्हणतो.

शाळेत कोण सोडतं? मी.
डबा? मी.
फी कोणाच्या खात्यातून? त्यांच्या.
आजारी पडल्यावर?
इथे मी अडले.
डेंग्यूत सयाजी हॉस्पिटलला
पाच रात्री सुजय बसला होता, लोखंडी स्टुलावर.
प्लेटलेटचे आकडे तळहातावर लिहून ठेवायचा
आणि तो हात धुवायचाच नाही.

ऊर्वीबेननी पेन खाली ठेवलं, अगदी हळू.
हे त्यांचा वकील सांगेल, म्हणाल्या.
तुम्ही तुमचं सांगा.

मग मी माझं सांगितलं.
भिंतीवर फुटलेली वाटी. सासूबाईंसमोर
मोजून घेतलेले भाजीचे सुटे पैसे.
सात महिन्यांचं न बोलणं,
ज्याला अर्जात क्रूरता म्हणतात
आणि मी बरीच वर्षं स्वभाव म्हणत होते.
सगळं खरं. तरी कारकुनाने वाचून दाखवलं तेव्हा
कोणा भलत्याच बाईची कीव आली.

वकीलपत्रावर सही केली. मृदुला सुजय शितोळे.
मधलं नाव लिहिताना
कोणीच काही बोललं नाही.
कारकुनाने तिकीट जिभेला लावून चिकटवलं.

खाली उतरले. पाच संच, भाई.
जन्मदाखला, पत्रिका, शाळेचं ओळखपत्र, लसींचं कार्ड.
झाकण उघडतं, मिटतं, हिरवा उजेड या टोकापासून त्या टोकाला,
आणि तेव्हा दिसलं:
गोवरच्या रकान्याजवळ नीरदने
केव्हातरी स्केचपेनने सायकल काढलीय.
सायकलवर तो. मागून कॅरिअर धरलेला
मिशीवाला, पानभर उंच माणूस.
मी कडेला, हातात दोन पिशव्या,
तोंड काढायचं राहून गेलेलं.

आ ढांकी दऊं, बेन?
वर कोरा कागद ठेवला की येत नाही, भाई म्हणाला.

एक संच कोर्टाला. एक ऊर्वीबेनना.
एक समोरच्या पक्षाला जाईल, टपालाने,
आणि तो पाकीट उभ्या उभ्याच फोडेल,
नेहमी फोडतो तसं, कोपऱ्यातून.

राहू दे, म्हटलं.
पानाला दोन रुपये.
तो मोजत राहिला, मी सुटे शोधत राहिले,
आणि ट्रेमध्ये पाच वेळा
ती मिशी येऊन पडली, गरम.